गावाचा तक्ता वाचताना: माणसं किती आणि गाडी कुठवर

कुटुंबे ३१२. लोकसंख्या १,४६८. पुरुष ७६२, स्त्रिया ७०६. ० ते ६ वयोगट १७६, त्यात मुलगे ९४ आणि मुली ८२. साक्षर ९२९. क्षेत्रफळ १,१३० हेक्टर. सार्वजनिक बस: आहे. रेल्वे स्थानक: सी.

कुठल्याही गावाची माहिती शोधायला गेलं की असाच एक तक्ता हाती लागतो. वरचं गाव मी समजावण्यापुरतं रचलेलं आहे, आकडेही हिशेबाला सोयीचे घेतलेत. साचा मात्र खरा. देशातल्या सुमारे ६ लाख ४० हजार गावांचे असे तक्ते २०११ च्या जनगणनेतून निघाले, आणि त्यातली ४३ हजारांहून जास्त गावं एकट्या महाराष्ट्रातली. तक्ता पाहिला की गाव कळल्यासारखं वाटतं. पण वरचा अर्धा भाग माणसांचा आणि खालचा अर्धा रस्ता-गाडीचा, हे दोन्ही वेगवेगळे वाचले तर दोन्ही चकवतात. गावात कोण उरलंय हे बरेचदा गाडी कुठवर येते यावर ठरतं, आणि रस्ता येणार की नाही हे माणसांच्या आकड्यावर. म्हणून हा तक्ता वरून खाली आणि परत खालून वर, असा दोनदा वाचावा लागतो.

पहिला घोळ 'गाव' या शब्दापाशीच होतो. आपण बोलताना गाव म्हणतो ते गावठाण: देऊळ, पार, शाळा आणि भोवतालची घरं. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. ज्याची शीव ठरलेली आहे, ज्याच्या नावाने सातबारा निघतो, ते. त्याच्या शिवेत गावठाण येतं, तशा वाड्या, वस्त्या, पाडे, तांडेही येतात. १,४६८ हा आकडा या सगळ्यांची बेरीज असतो. गावठाणापासून चार किलोमीटरवर डोंगराच्या कुशीत राहणारी माणसंही त्यातच, आणि पाराशेजारी राहणारीही त्यातच. ग्रामपंचायत ही आणखी वेगळी गोष्ट. दोन-तीन महसुली गावांची मिळून एक गट ग्रामपंचायत असू शकते, त्यामुळे पंचायतीचा आकडा आणि तक्त्यातला आकडा जुळला नाही तर लगेच कुणी लबाडी केली असं समजू नये.

नावांचाही गोंधळ असतो. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव या नावांची गावं एकेका जिल्ह्यात अनेक. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं, एवढ्याने कधी भागतं, कधी नाही. २०११ मध्ये प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिला गेला. नाव सोडून तो क्रमांक धरला की चूक होत नाही. जिल्हाही जपून बघावा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणून जव्हार-मोखाड्याची गावं त्या जनगणनेत ठाण्याखाली सापडतात. धाराशिवचं गाव उस्मानाबादखाली, अहिल्यानगरचं अहमदनगरखाली.

आणि काही तक्त्यांत सगळीकडे शून्यच दिसतं. ती चूक नाही. महसूल खात्याच्या भाषेत ही 'बेचिराख' गावं: शीव आहे, सातबारे आहेत, माणूस राहत नाही. कुठे धरणाच्या पाण्याने उठवलेली, कुठे फार पूर्वीच मोडलेली आणि शेजारच्या गावची माणसं जमीन कसत असलेली.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तक्त्यावर तो कुठेच लिहिलेला नसतो: ही मोजणी कोणत्या दिवसाची?

२०११ च्या जनगणनेचा संदर्भ क्षण होता १ मार्च २०११ ची सुरुवात, म्हणजे २८ फेब्रुवारीची रात्र उलटून घड्याळात बारा वाजलेले. प्रगणक घरोघरी फिरले ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, आणि मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत जन्म-मृत्यूची दुरुस्ती करून गेले. नियम असा होता की माणूस नेहमी राहतो त्या घरी या वीस दिवसांत एकदा जरी असला तरी तो तिथे मोजायचा. पूर्ण वीस दिवस बाहेर असला तर त्या घरी मोजायचा नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जाईल.

नियम सरळ आहे. पण फेब्रुवारीत मराठवाड्यातल्या बीडच्या किंवा नगरच्या पूर्वेकडच्या एखाद्या गावात जाऊन पाहा. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड टोळ्या निघतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. एक 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दहा-वीस कोयत्यांची टोळी, एक मुकादम, आणि मुक्काम कारखान्याच्या हद्दीत कोप्यांमध्ये, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत. ही माणसं पूर्ण फेब्रुवारी गावाबाहेर असतात. म्हणजे नियमाप्रमाणे ती बीडच्या तक्त्यात नाहीत. ती सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे किंवा थेट कर्नाटकातल्या एखाद्या ऊसपट्ट्यातल्या गावाच्या तक्त्यात आहेत. तेही कोपीपर्यंत प्रगणक पोचला असेल तर. इकडे घराला कुलूप, म्हणून कुटुंबांच्या संख्येतूनही ते घर गळतं. आपल्या तक्त्यातली ३१२ कुटुंबं म्हणजे फेब्रुवारीत चूल पेटलेली ३१२ घरं. जनगणनेत कुटुंबाची व्याख्याच मुळी एकत्र स्वयंपाकावर बेतलेली आहे. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, मग भाऊ एकाच छताखाली राहोत की वेगळे.

पावसाळ्यात त्याच गावात गेलात तर माणसं जास्त दिसतील. गावाला एकच लोकसंख्या असते हा समजच मुळात शहरी आहे, असं मला वाटतं. वीटभट्टीवर जाणारी गावं, चाकरमान्यांची गावं, मेंढपाळांची गावं, यांची लोकसंख्या ऋतूप्रमाणे बदलते. कोकणात गणपतीत एखादं गाव दुप्पट भरतं आणि गौरी-विसर्जनानंतर पुन्हा म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. तक्त्यात त्यातला एकच दिवस असतो.

एक मुलगी म्हणजे साडेदहा

तक्त्यावरून काढायचे पुढचे आकडे भागाकाराचे. लिंग गुणोत्तर म्हणजे हजार पुरुषांमागे स्त्रिया: ७०६ भागिले ७६२, गुणिले हजार, उत्तर ९२७. २०११ चा महाराष्ट्राचा आकडा ९२९, देशाचा ९४३. म्हणजे गाव राज्याच्या सरासरीजवळ.

या आकड्याची गंमत बघायची तर रत्नागिरीकडे वळावं. तिथे २०११ चं गुणोत्तर १,१२२ होतं, सिंधुदुर्गात १,०३६. स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त! यावरून तिथे मुली जास्त जन्मतात असा अर्थ कुणी काढला तर तो साफ चूक. लहान मुलांमध्ये त्या जिल्ह्यांतही मुलग्यांपेक्षा मुली कमीच आहेत. फरक आहे तो कमावत्या पुरुषांचा: ते मुंबईत, ठाण्यात, पुण्यात मोजले गेले. या दोन जिल्ह्यांची एकूण लोकसंख्याही २००१ ते २०११ मध्ये वाढायची सोडून घटली. रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. लिंग गुणोत्तर हा आकडा असा दोन गोष्टींची खिचडी असतो: कोण जन्मलं आणि कोण निघून गेलं. पहिली गोष्ट वेगळी काढायची असेल तर फक्त ० ते ६ वयोगट घ्यायचा, कारण त्या वयात कुणी एकटं नोकरीला जात नाही.

आपल्या गावात तो आकडा येतो ८२ भागिले ९४, म्हणजे ८७२. वाईट दिसतो. राज्याचा तेव्हा ८९४ होता, बीड जिल्ह्याचा तर ८०७, आणि त्यावरून उडालेला गदारोळ रास्तच होता. पण जिल्ह्याचा आकडा लाखो मुलांवरून येतो, आपल्या गावाचा १७६ मुलांवरून. या गावात आणखी फक्त तीन मुली असत्या तर गुणोत्तर ९०४ झालं असतं. एकेक मुलगी गुणोत्तर साडेदहाने हलवते. एखाद्या वस्तीत योगायोगाने लागोपाठ पाच-सहा मुलगे झाले की सगळं गाव गुन्हेगार दिसू लागतं, आणि दोन घरी मुली झाल्या की आदर्श गाव. लहान गावाच्या तक्त्यातली टक्केवारी आणि गुणोत्तरं अशीच उड्या मारतात. अशा वेळी शेजारची दहा गावं मिळून बेरीज करावी, मग बोलावं. तालुक्याला ८०० येत असेल तर ते योगायोगाने येत नाही.

साक्षरतेत चूक वेगळी होते. ९२९ साक्षरांना १,४६८ ने भागलं तर ६३ टक्के येतात आणि गाव मागास वाटतं. पण जनगणना सात वर्षांखालच्या कुणालाही साक्षर धरत नाही, मग ते पोर बालवाडीत पाढे का म्हणेना. म्हणून भागायचं ते सात वर्षांवरच्या माणसांनी: १,४६८ वजा १७६, म्हणजे १,२९२. आता उत्तर ७२ टक्के. तोच गाव, नऊ टक्क्यांचा फरक. राज्याचा ८२.३ टक्के हा आकडा या दुसऱ्या रीतीचा आहे, त्याच्याशी पहिल्या रीतीचा आकडा ताडून पाहणं म्हणजे किलोची तुलना शेराशी.

घनतेला फार वेळ नको. १०० हेक्टर म्हणजे एक चौरस किलोमीटर, त्यामुळे १,१३० हेक्टरचं आपलं गाव ११.३ चौरस किलोमीटरचं, आणि दर चौरस किलोमीटरला १३० माणसं. पण या क्षेत्रफळात वन खात्याचा डोंगर आणि गायरानही आलं. माणसं राहतात ती जागा त्यातली थोडीशी.

जातीचं म्हणाल तर तक्त्यात दोनच रकाने असतात, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. त्यामुळे बंजारा तांड्याचं किंवा धनगरवाड्याचं गाव तक्त्यात ओळखूच येत नाही.

काम करणाऱ्यांचा रकाना मात्र रेंगाळून वाचण्यासारखा आहे. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तो मुख्य काम करणारा; त्याहून कमी तो सीमांतिक. मुख्य असो वा सीमांतिक, पुढे चार वाटे: स्वतःची किंवा वाट्याने घेतलेली शेती करणारे, शेतमजूर, घरगुती उद्योगवाले आणि 'इतर'. देशभर पाहिलं तर २००१ मध्ये शेती करणारे १२ कोटी ७३ लाख आणि शेतमजूर १० कोटी ६८ लाख होते. २०११ मध्ये शेती करणारे ११ कोटी ८८ लाखांवर उतरले आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाखांवर चढले. आपापल्या गावाच्या दोन जनगणनांचे तक्ते शेजारी ठेवले तर हीच अदलाबदल अनेक ठिकाणी दिसते. ऊसतोडीचा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा, म्हणजे तोडकरी बाई मुख्य की सीमांतिक हे हंगाम पंधरा दिवस लांबला की नाही, आणि घरी आल्यावर तिने खुरपणीला गेल्याचं सांगितलं की नाही, यावर ठरायचं. घरची शेती करणाऱ्या बायकांचं तर काय सांगावं. 'काम काय करता' म्हटल्यावर 'काही नाही, घरीच असते' हे उत्तर मिळतं, आणि ते बाई देत नाही, दारात उभा असलेला पुरुष देतो.

'आहे' म्हणजे किती वाजता?

आता तक्त्याचा खालचा भाग. तो येतो जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या ग्राम निर्देशिकेतून. तिथे गावातल्या सोयींची यादी असते: शाळा, दवाखाना, पाणी, पोस्ट, बँक, आणि मग सार्वजनिक बस, खासगी बस, रेल्वे स्थानक, रिक्षा, टॅक्सी, व्हॅन, ट्रॅक्टर, सायकलरिक्षा, बैलगाडी, होडी. यादी मोठी गोड आहे. पण बहुतेकांपुढे उत्तर असतं फक्त 'आहे' किंवा 'नाही'. 'आहे'ला १ आणि 'नाही'ला २. त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला गावात रेल्वे स्थानकं दोन आहेत असं वाटायची भीती असते.

'नाही' असेल तर पुढे एक अक्षर. 'ए' म्हणजे ती सोय ५ किलोमीटरच्या आत, 'बी' म्हणजे ५ ते १० मध्ये, 'सी' म्हणजे १० च्या पुढे. आपल्या गावाचं स्थानक 'सी' आहे. ते ११ किलोमीटरवर असेल किंवा १११, अक्षर तेच. शाळेच्या बाबतीत 'ए' हे अक्षर दिलासा देतं. पण साडेचार किलोमीटर चालून जाणाऱ्या पाचवीतल्या पोरीचाही 'ए' आणि ओढा ओलांडला की समोरच शाळा असणाऱ्याचाही 'ए'. पावसाळ्यात तो ओढा भरला की 'ए'चा 'सी' होतो, तेवढं टिपायला रकाना नाही.

तक्ता जुना होत जातो तो याच भागात सगळ्यात लवकर. बीड शहरापर्यंत रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावर. त्या रुळांना लागून असलेल्या गावाचा २०११ चा तक्ता आजही 'सी'च सांगतो.

'सार्वजनिक बस: आहे' हे वाक्य तर फारच कमी सांगतं. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली, आणि पुढच्या काही दशकांत लाल गाडी जिथे डांबर तिथे गेली. गावात दिवसाला दहा फेऱ्या असोत किंवा एकच, तक्त्यात 'आहे'. ती एक फेरी मुक्कामी गाडीची असेल तर गोष्ट वेगळी. चालक-वाहक रात्री गावातच देवळात नाहीतर शाळेच्या ओसरीवर झोपतात आणि पहाटे गाडी तालुक्याला निघते. या गाडीने कॉलेजची पोरं, कोर्टाची तारीख असलेला माणूस, भाजीच्या पाट्या आणि दवाखान्यात जाणारी म्हातारी अशी सगळी जातात. दुपारी एकच येऊन जाणारी गाडी असेल तर ती कागदावर 'आहे', पण तिने गेलेला माणूस त्या दिवशी घरी परतत नाही. म्हणून गावाबद्दल विचारायचं तर दोन प्रश्न विचारावेत: पहिली गाडी किती वाजता जाते, आणि शेवटची किती वाजता येते? मुलगी अकरावीला जाणार का, याचं अर्धं उत्तर दुसऱ्या प्रश्नात असतं.

बहुतेक गावांना खरी गाडी मिळते ती फाट्यावर. मोठ्या रस्त्यावरून गाड्या जातात, फाट्यापासून गाव दोन-तीन किलोमीटर आत. तिथपर्यंत चालत, कुणाच्या मोटारसायकलवर, नाहीतर जीपने. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे त्या जीपला वडाप म्हणतात, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी, कुठे टमटम, कुठे सहाआसनी. तक्त्यात यांना रिक्षा किंवा टॅक्सीच्या रकान्यात कुठेतरी बसवलेलं असतं. वडापला वेळापत्रक नसतं. माणसं भरली की ती सुटते, आणि 'भरली' याचा अर्थ तिथे उभं राहून पाहिल्याशिवाय कळत नाही.

एसटी आणि वडाप यांतला फरक २०११ नंतर वाढला आहे. ७५ वर्षांपुढच्यांना एसटीचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना अर्धं तिकीट. शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आधीपासूनच आहे. पण ही सवलत लाल गाडीत मिळते, जीपमध्ये नाही. म्हणजे बसच्या रकान्यातल्या 'आहे' आणि 'नाही'मधलं अंतर आज बाईसाठी, म्हातारीसाठी थेट पैशात मोजता येतं. फाट्यापर्यंतची जीप पूर्ण भाड्याची, पुढची एसटी अर्ध्या तिकिटाची. तालुक्याला जाणं गावातल्या पुरुषाला वेगळ्या किमतीला पडतं, त्याच्या बायकोला वेगळ्या, आईला आणखी वेगळ्या.

पुरुषांनी तोवर दुचाकी घेतली. २०११ मध्ये ग्रामीण भारतात शंभरातल्या १४ कुटुंबांकडे दुचाकी होती, ४६ कडे सायकल, आणि दोघांकडे मोटार. आज कुठल्याही गावच्या पारासमोर उभं राहिलं की हे आकडे किती मागचे आहेत ते दिसतं. पण घरातली दुचाकी घरातल्या सगळ्यांची नसते. ती बहुतेक एकट्या पोराची असते.

आणखी एक गोष्ट, जी मला नेहमी खटकते. त्या जनगणनेत कामावर कसं जाता, किती लांब जाता, हेही विचारलं होतं: पायी, सायकल, बस, रेल्वे. पण ते तक्ते निघाले ते फक्त 'इतर' काम करणाऱ्यांचे. शेती करणारे आणि शेतमजूर त्यातून वगळलेले. सकाळी आठला डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन दुसऱ्या शिवारात खुरपायला जाणाऱ्या बायकांचं चालणं देशाच्या प्रवासाच्या हिशेबात कुठेच नाही.

रस्ता मिळतो तो वाडीला, आकडा असतो गावाचा

रस्त्यांचेही रकाने असतात: राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, आणि मग डांबरी, खडीचा, पायवाट. रस्त्यावर असताना दर्जा ओळखायचा तर मैलाचा दगड पाहावा: माथा पिवळा तर राष्ट्रीय, हिरवा तर राज्य, काळा तर जिल्ह्याचा, आणि नारिंगी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला. शेतात नेणारी पाणंद या कुठल्याच दर्जात बसत नाही, आणि गावातली निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात.

ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, आणि माणसांचा आकडा रस्त्याला भिडतो तो इथे. नियम ढोबळमानाने असा: सपाटीवर ५०० किंवा जास्त लोकवस्ती असेल, आणि डोंगरी, आदिवासी किंवा वाळवंटी भागात २५० असेल, आणि तिथे बारमाही रस्ता नसेल, तर ती जागा पात्र. बारमाही म्हणजे पावसाळ्यातही गाडी जाईल असा. पण ही ५०० माणसं गावात नाही, वस्तीत मोजायची. महसुली गाव इथे एकक नाहीच. सपाटीवर एकमेकांपासून पाचशे मीटरच्या आतली घरं मिळून एक वस्ती, आणि बारमाही रस्ता पाचशे मीटरच्या आत आला असेल तर ती वस्ती जोडलेली धरली जाते. डोंगरात हे अंतर दीड किलोमीटर.

आपलं १,४६८ माणसांचं गाव पुन्हा घ्या. समजा गावठाणात ९०० राहतात, आणि तीन वाड्यांत ३१०, १५० आणि १०८. गावठाणाला रस्ता कधीच झाला असेल, त्यामुळे तक्त्यात 'डांबरी रस्ता: आहे'. ३१० ची वाडी सपाटीवर असेल तर अपात्र, आदिवासी क्षेत्रात असेल तर पात्र. बाकी दोन वाड्या या दोन्हीकडे अपात्र. म्हणजे ज्या तक्त्यात रस्ता 'आहे' त्याच तक्त्यातल्या ५६८ माणसांच्या, म्हणजे दहांतल्या जवळजवळ चार माणसांच्या दारापर्यंत तो नसू शकतो. अशा वाड्यांची मदार मग राज्याच्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेवर किंवा जिल्हा परिषदेवर. आजारी माणसाला झोळी करून डांबरापर्यंत आणल्याच्या बातम्या येतात त्या याच वाड्यांच्या, आणि त्यांच्या गावाचा तक्ता काढून पाहिला तर पुष्कळदा सगळं ठीकठाक दिसतं.

आता हे ऊसतोडीशी जोडून बघा. मूळ योजनेत पात्रता २००१ च्या लोकसंख्येवर ठरली; सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यात, ज्यात देशभरच्या २५ हजार वस्त्या जोडायच्या आहेत, ती २०११ च्या लोकसंख्येवर ठरते. दोन्ही मोजण्या फेब्रुवारीतल्या. तांड्यावर पावसाळ्यात ५४० माणसं असतील आणि फेब्रुवारीत शंभर तोडीला गेली असतील, तर कागदावर ४४०. रस्ता नाही. रस्ता नाही म्हणून गाडी नाही, गाडी नाही म्हणून जवळपास रोजचं काम नाही, आणि काम नाही म्हणून पुढच्या दसऱ्याला पुन्हा मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे.

पंचायतीचंही तसंच. महाराष्ट्रात १,५०० पर्यंत लोकसंख्या असेल तर ग्रामपंचायतीत सात सदस्य, १,५०१ पासून ३,००० पर्यंत नऊ. आपलं गाव ३३ माणसांनी खाली आहे. ऊसतोडीच्या एका टोळीएवढी माणसं वाढली असती तर कुठल्याशा वाडीला कदाचित स्वतःचा सदस्य मिळाला असता. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५,००० ला आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० ला एक, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० आणि २०,००० ला. या सगळ्या उंबरठ्यांना २०११ चाच आकडा लावला जातो, कारण २०२१ ची जनगणना झालीच नाही.

नवी जनगणना जाहीर झाली ती १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने. यावेळी नोंद मोबाइलवर होणार आणि जातही विचारणार, म्हणजे तांडा आणि धनगरवाडा तक्त्यात ओळखू यायची शक्यता आहे. लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडातल्या बर्फाच्या भागांसाठी संदर्भ तारीख १ ऑक्टोबर २०२६ ठेवली आहे, कारण फेब्रुवारीत तिथे पोचता येत नाही. बाकी देशासाठी १ मार्च २०२७. माणसं मोजायला प्रगणक महाराष्ट्रातल्या घरांची दारं वाजवतील ती पुन्हा फेब्रुवारीत, आणि कारखान्यांचे पट्टे तेव्हा पडलेले नसतील.